राक्षसाचा शेवटचा सीन

४ जानेवारी
डावा कान अजून वाजतोय. परवाची थापड. कारण काय, तर वरणात मीठ नाही. मीठ होतं. हे मिलमध्ये साहेबाचं ऐकून आले होते. वड्याचं तेल वांग्यावर.
कानात कापूस घालून साड्यांना टिकल्या चिकटवत बसले. लूमवरून सुटून योगू आला. धाकटा भाऊ, पण नजर म्हाताऱ्याची.
"ताई, कानले काय व्हयनं?"
"पानी गयं."
 चहा अर्धा टाकून गेला.

७ जाने.
योगूला स्वतःचा पिक्चर काढायचाय. माझ्या मोबाईलवर. लूमवरचा पोरगा कापडाच्या भिंतीतून पलीकडच्या राज्यात जातो, राक्षसाला मारतो, परत येतो. असले पिक्चर आम्ही बहीणभावांनी ढिगानं पाहिलेत. कुणी विहिरीतून जातं, कुणी झाडाच्या ढोलीतून. शेवटी परत का येतात, हे मला कधी कळलं नाही.
राक्षस कोण? तर हे! विचारलं तर खूश.
"राक्षस, पन राजा शे ना?"
दिवसभर मिशांना पीळ.

११ जाने.
सुट्टी. बिल्डिंगच्या गच्चीवर शूटिंग. मार्केटमधून टिकल्या लावायला आलेल्या बारा साड्या दोरीवर टांगल्या. वारा आला की मधून वाट उघडायची. योगू त्यातून आत शिरला तेव्हा मला खरंच वाटलं, हा आता सुरतच्या कोसाडात नाही.
तलवारी दोन. मारामारीला थर्माकोलची. ती वाकते, म्हणून जवळच्या सीनला लूमवरचा जुना लाकडी दांडा. दोन्हींना सारखाच चंदेरी कागद.
आज हे तीनदा म्हणाले, "जमलं का गं?" पंधरा वर्षांत पहिल्यांदा. तिथला राक्षस घरच्यापेक्षा बरा.

१२ जाने.
पार्टीच्या, म्हणजे मार्केटच्या व्यापाऱ्याच्या, एका साडीचा काठ पतंगाच्या मांज्यानं फाटलाय. आज ह्यांना दिसला. केस धरून डोकं पिंपावर. दोनदा.
योगू जिन्यात होता. पावलं वर आलेली ऐकली, खाली गेलेलीही ऐकली. ह्यांचा नाही, त्याचा राग आला. रडले ते त्याच्यासाठी.

१५ जाने.
काल-आज गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही, सगळं सुरत वर. योगूनं सगळ्यांचे पतंग कापले. बोट मांज्यानं हाडापर्यंत चिरलं, तरी ढील देतच होता. रक्त दोऱ्यावरून ओघळत होतं. माझ्याकडे बघितलंही नाही.

१८ जाने.
 लिहिते.
शेवटचा सीन. राक्षस मरतो. हे साड्यांपुढे उभे, अंगावर काळी चादर, छाती काढून. मी मोबाईल धरलेला. योगू धावत आला. मारलं. आवाज थर्माकोलचा नव्हता. नारळ फुटतो तसा.
हे ओरडले, "आरे थांब, खरं लागनं!"
योगू थांबला. माझ्याकडे पाहिलं. मला सगळं कळलं होतं. दांडा कुठला, नेम कुठला.
मी म्हणाले, "आखो! आखो जोरमा!"
मग दुसरा वार, आणखी जोरात. हे गुडघ्यावर बसले, मग आडवे. डाव्या कानातून रक्त. एका पिवळ्या साडीवर हातभर शिंतोडे.

१९ जाने.
सरकारी दवाखाना. कवटीला चीर, शुद्ध नाही. मोठे दीर उधन्याहून आले. मी सांगितलं, गडबडीत तलवार बदलली गेली. पोलीस आला, व्हिडिओ दाखव म्हणाला. दाखवला, आवाज बंद करून. तसा पाहिला तर सगळा पिक्चरच. तो म्हणाला, "बेन, आवा धंधा बंध करो." असले धंदे बंद करा, एवढंच सांगून गेला.
दीर मात्र दोनदा बघत राहिले. "आवाज का बरं नही?"
मोबाईल पडला, स्पीकर गेला, मी म्हणाले. खोटं इतकं सहज निघालं की मीच दचकले.

२२ जाने.
पिवळी साडी थंड पाण्यात तीनदा धुतली. डाग तपकिरी झाला, गेला नाही. त्यावर दाट टिकल्या लावल्या, मोराचा पिसारा केला. पार्टीचा माणूस म्हणाला, ही सगळ्यात भारी झाली.

२४ जाने.
योगू कामरेजला मित्राकडे आहे. फोन आला.
"ताई, तो व्हिडिओ माले धाड. मी वरथून म्युझिक टाकस. मंग कोनले काही कळाव नही."
धाडते म्हणाले. धाडलं नाही.
मोबाईलमधून पुसतही नाही. वेडी आहे मी. कुणाला सापडलं तर भाऊ आत जाईल आणि माझं काय होईल ते लिहायला नको. पण माझ्या बाजूनं कुणी हात उचलला, ते एवढंच आहे माझ्याकडे.

२७ जाने.
हे शुद्धीवर आले. त्या दिवसाचं काही आठवत नाही. साड्या हलत होत्या, एवढंच. डावा कान गेला, डॉक्टर म्हणाले. कायमचा.
मला वाईट वाटलं. मग राग आला, वाईट वाटल्याचा.

२ फेब्रुवारी
घरी आणलं. माझ्या हातानं पेज खातात. सकाळी ताटली भिंतीवर फेकली, म्हणजे बरे होतायत.

५ फेब्रु.
आज दुपारी हे म्हणाले, "मना सीन दखाड." आवाज बंद करून दाखवला. तीनदा पाहिला. स्वतःच्या मिशा बघून हसले. मार बसतो तिथं हात आपोआप कानाकडे गेला.
मग उजवा कान मोबाईलला लावला. "आवाज वाढाव ना. मी काय बोलनू ते आयकू दे."
"स्पीकर खराब शे."
मोबाईल उलटा करून स्पीकरची जाळी पाहिली.  "भाऊ संध्याकाळे येवाव शे. त्याना मोबाईलमा टाकी दे. तठे आयकसू."
गोळी घेऊन आता झोपलेत.
मी मोरीत गेले, दार लावलं, माझा चांगला कान लावून ऐकलं. पहिल्यांदाच. नारळाचा आवाज. ह्यांचं ओरडणं. मग एक बाई. मला वाटलं होतं आवाज घाबरलेला असेल. नाहीये. मोकळा आहे, शेतात हाक मारावी तसा. ही बाई पंधरा वर्षं कुठं होती?
पुन्हा ऐकलं.
पाच वाजलेत. दीर सहाला येतात. व्हिडिओ पुसला नाही. बॅटरी उतरली होती, मोबाईल चार्जिंगला लावला आहे.