हाताळून पाहिलेली चाकं

प्रति,
मा. विभागप्रमुख साहेब,
कागदपत्र पोच विभाग,
दुसरा मजला.

अर्जदार: विभागाच्या सायकली दुरुस्त करणारा, मागच्या फाटकाला लागून टपरी.

विषय: पोच-कर्मचारी बाई (अर्जदाराची सून) हिच्यावरचा निष्काळजीपणाचा ठपका काढून तो अर्जदारावर ठेवण्याबाबत.

संदर्भ: १) चाक निवड समितीची सभा व त्यातली अर्जदाराची सही. २) सुनेचा कबुलीजबाब. ३) अर्जदाराचे याआधी परत आलेले दोन अर्ज.

महोदय,

सविनय अर्ज करण्यात येतो की,

१. विभागाच्या अठरा सायकली आहेत. नोटिसा, नकाशे, दाखले घेऊन त्या रोज शहरभर फिरतात, एकेक सायकल तीस-पस्तीस किलोमीटर. जुन्या जड सायकली काढून आपण गेल्या वर्षी पातळ, वाकड्या हँडलच्या वेगवान सायकली घेतल्या. सायकली चांगल्या, पण चाकं नाजूक, महिन्याभरात लचकायला लागली. म्हणून आपण चाक निवड समिती नेमली आणि अर्जदाराला तिच्यात तज्ज्ञ म्हणून बोलावलं. अर्जदार चौथीपर्यंत शिकलेला आहे. तज्ज्ञ हा शब्द त्याला लागला तो पहिल्यांदाच. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अगोबाई, मग आता नळ कोण दुरुस्त करणार?"

२. सभेत काचेच्या टेबलावर पांढरी चादर घालून चाकांच्या तीन जोड्या मांडल्या होत्या. पहिली जोडी टायवाल्या विक्रेत्याची: उंच रिम, काळी कुळकुळीत, मागच्या चाकाला मोजून वीस चपट्या तारा. दुसरी मधल्या प्रतीची. तिसरी रुंद रिमची, छत्तीस तारांची, दिसायला अगदीच घरगुती. समितीतले एक गृहस्थ तिला बघून म्हणाले, "ही काय, दूधवाल्याची उचलून आणली का?" सगळे हसले. अर्जदारही हसला. साहेब, ती तिसरी जोडी अर्जदाराने दोन दिवस बसून स्वतः बांधली होती आणि सकाळीच शिपायाकडे देऊन ठेवली होती. ती कुणाची हे कुणी विचारलं नाही, अर्जदाराने सांगितलं नाही. भर बाजारात पोटच्या पोराला ओळख न दाखवणारा बाप असतो ना, तसला प्रकार झाला.

३. मग आपण अर्जदाराकडे वळून म्हणालात, "आपण अनुभवी आहात. जरा हात लावून बघा ना." अर्जदाराला आयुष्यात 'आपण' म्हणणारे साहेब आपण पहिलेच. खुर्ची दिली, बशीसकट कप दिला. आता हाताचं सांगायला पाहिजे. त्या दिवशी सकाळी अर्जदाराने आठ चाकांचे मधले हब उघडून ग्रीस भरलं होतं. सभेला यायचं म्हणून रॉकेलने धुतले, साबणाने तीनदा धुतले, नखात काडी घातली. पण तळव्याच्या भेगांत तीस वर्षांचं काळं बसलंय, ते असं एका सकाळीत निघत नाही. समोर ती पांढरी चादर. अर्जदाराने हात टेबलाखाली गुडघ्यांत दाबून धरले आणि म्हटलं, "दिसतंय की साहेब, हात काय लावायचा. पहिली जोडी पास."

४. साहेबांना चाकाचं एवढंसं सांगतो, नाहीतर चूक केवढी ते कळायचं नाही. चाक डोळ्यांनी बघायची वस्तूच नाही. रिम आणि मधला हब यांना ज्या तारा बांधून ठेवतात, त्या दोन-दोन मुठीत घेऊन दाबायच्या. सगळ्या तारांनी हाताला सारखंच उलट दाबलं पाहिजे. एखादी ढिली लागली की समजायचं, तिच्या वाटणीचं वजन शेजारीण उचलतेय आणि एक दिवस शेजारीणच तुटणार. शर्यतीतल्या माणसाला वीस तारा चालतात, कारण त्याच्या पाठीवर काही नसतं, रस्ता झाडलेला असतो आणि मागे दुसरं चाक घेऊन गाडी येत असते. आपल्या माणसांच्या मागच्या चाकावर पंधरा-अठरा किलोची पिशवी, रस्त्यात गटारांच्या जाळ्या आणि मागे येतो तो ट्रक. इथं तारा जास्त हव्यात, रिम रुंद हवी, टायर जाड हवा. नांदत्या घरात एक भाऊ आजारी पडला तर बाकीचे ओढून नेतात. छत्तीसमधली एक तुटली तरी माणूस सायकलवर बसून घरी येतो. वीसमधली एक तुटली की चाक भाजलेल्या पापडासारखं वाकडं होतं आणि ब्रेकमध्ये जाऊन अडकतं. शिवाय ती चपटी तार कुठल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. हे सगळं अर्जदाराला त्या खुर्चीत बसल्या बसल्याही ठाऊक होतं.

५. सभेचा कागद सहीला आला. त्यात लिहिलं होतं, "तज्ज्ञांनी तिन्ही जोड्या प्रत्यक्ष हाताळून पहिल्या जोडीची शिफारस केली." अर्जदाराने तो वाचला. अक्षर लावून लावून, पण वाचला. 'हाताळून' शब्दावर थांबलाही. आपण आपलं पेन पुढे केलंत. ते डागाळू नये म्हणून टोकाला धरून सही केली, त्यामुळे ती वाकडी आली आहे. पण ती अर्जदाराचीच आहे, हे इथे मान्य करतो.

६. टायवाल्याच्या माणसांनी नवी चाकं बसवून दिल्यावर एकोणिसाव्या दिवशी सून दवाखान्याच्या उतारावरून येत असताना गटाराच्या जाळीवर मागची तार तुटली, चाक अडकलं, ती फेकली गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं. पिशवीतले दाखले गटारात भिजले. मोजके लोक गोळा झाले, त्यांना ती म्हणत होती, "मला राहू द्या, कागद उचला." चौकशीत असं ठरलं की चाकं तज्ज्ञांनी हाताळून पास केलेली आहेत, त्यामुळे दोष चाकाचा असू शकत नाही, म्हणून दोष चालवणारीचा. गणित बिनचूक आहे. नोकरी कायम व्हायला तिचे दोनच महिने राहिले होते. आता चौदा तारखेला सुनावणी आहे आणि तिला काढणार असं सगळेच बोलतात.

७. आता जे सांगायचं त्यासाठी हा अर्ज आहे. ते मागच्या दोन अर्जांत अर्जदाराने लिहिलं नव्हतं.
तिचा हात गळ्यात बांधलेला. अर्जदाराने जेवताना तिला विचारलं, "वेगात होतीस का गं?" दुसऱ्या दिवशी विचारलं, "जाळी दिसली नाही का?" या दोन वेळा अर्जदाराला खरंच माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मोडकं चाक दुरुस्तीला टपरीवर आलं. रीतीप्रमाणे शिपायाने आणून टाकलं आणि गेला. अर्जदाराने त्याला तेव्हा पहिल्यांदा हात लावला. तुटलेल्या तारेकडे बघायचीही गरज पडली नाही. न तुटलेल्या एकोणीस तारा दाबल्या, त्यांतल्या सात मोकळ्या, जुन्या खाटेच्या सुतळीसारख्या. कारखान्यातूनच तशा आलेल्या. सभेत नुसती मूठ आवळली असती तर टेबलावरच कळलं असतं.
त्या संध्याकाळी घरी जाऊन अर्जदाराने सुनेला तिसऱ्यांदा विचारलं, "लक्ष होतं ना तुझं?" आणि दोन दिवसांनी चौथ्यांदा. या दोन वेळा माहीत होतं.
बायको कावली, "पोरीचं हाड मोडलंय आणि तुम्ही फौजदार होऊन बसलात!" सून तिलाच समजवायला लागली, "राहू द्या हो आई. आप्पांनी पास केलेली चाकं आहेत, ती कशी मोडतील? माझंच लक्ष नसणार." आणि डाव्या हाताने कसंबसं तिने लिहून दिलं की वेग जास्त होता. साहेब, तिचा वेग जास्त नव्हता. सायकल तिला अर्जदारानेच शिकवली, लग्न होऊन आली त्या वर्षी, फाटकामागच्या मैदानात. ती उताराला घंटा वाजवत, दोन्ही ब्रेक धरून उतरते. बाकीचे तिला 'आजीबाई' म्हणून चिडवतात.

८. अर्जदार बारा दिवस गप्प बसला. मग पहिला अर्ज केला, तो "विषय स्पष्ट नाही" म्हणून परत आला, आणि ते बरोबरच होतं. त्यात अर्जदाराने "चाकांबाबत थोडी गैरसमजूत" एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी आवक-जावकच्या कारकुनांनी तक्रारीचा छापील नमुना दिला. त्यात 'तक्रारदार' आणि 'ज्याच्याविरुद्ध तक्रार' असे दोन रकाने. अर्जदाराने दोन्हीकडे स्वतःचं नाव घातलं. तो "दुबार नोंद" असा शेरा मारून परत आला. कारकून माणूस चांगला आहे, बाजूला घेऊन म्हणाला, "आप्पा, स्वतःविरुद्ध तक्रार करायला नमुनाच नाही. आणि तुम्ही तिचे सासरे. सुनेसाठी खोटं बोलताय असंच वरचे म्हणणार." अर्जदार म्हणाला, "अहो, खोटं आधी बोललो, आता खरं बोलतोय!" तर तो म्हणाला, "कागदावर उलटं दिसतंय ना पण." शिवाय सुनेचा कबुलीजबाब आधी आला, योग्य नमुन्यात आला, त्यामुळे त्याला क्रमांक पडला आहे. अर्जदाराच्या कबुलीला क्रमांक नाही.

९. तरी विनंती अशी:
सुनेचा कबुलीजबाब तिला परत द्यावा. तो तिने चाकावरच्या नव्हे, अर्जदारावरच्या भरवशाने लिहिलेला आहे.
सभेच्या कागदात 'हाताळून' याच्या जागी 'हात न लावता' असं करावं आणि पुढे अर्जदाराची नवीन सही घ्यावी. कारण विचारल्यास 'लाजेमुळे' असं लिहावं. दुसरं कारण नाही. टायवाल्याने अर्जदाराला काही दिलं नाही, आपण दाब टाकला नाही. आपण मान दिलात, तो सांभाळता आला नाही.
टपरीचा परवाना काढायचा असल्यास काढावा. अठरा सायकलींची मागची चाकं छत्तीस तारांवर बांधून झाल्यावर काढलात तर बरं होईल, कारण ते काम दुसऱ्या कुणाला एवढ्यात जमणार नाही.

१०. हा अर्ज देण्याआधी काल सुनेला सगळं सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या वेळेचंही. वाटलं होतं रडेल, नाहीतर नवऱ्याला फोन लावेल. ती एका हाताने भाजीचे देठ मोडत राहिली. मग म्हणाली, "आप्पा, माझं चौदा तारखेला बघू. बाकीचे सतरा जण आज सकाळी त्याच चाकांवर गेलेत. त्यांना कुणी सांगितलं?"
अर्जदाराला हे सुचलं नव्हतं. बारा दिवस तो आपल्या अब्रूचा हिशेब करत होता.
म्हणून हा अर्ज शिपायाकडे देऊन अर्जदार वर न येता खाली सायकल स्टँडवर उभा राहणार आहे. सायकली निघायच्या आत एकेकाला थांबवून सांगणार आहे की चाक खराब आहे आणि ते मी पास केलं. आज कागदपत्रं उशिरा पोचतील, काही पायी जातील, त्याचा बोल अर्जदारावर घ्यावा. सतरा जण आहेत. पहिल्यापाशी जीभ अडखळेल, सतराव्यापर्यंत सुटेल.

आपला, मान खाली घातलेला,
सायकलवाला आप्पा
(सही या वेळी पेन नीट धरून केली आहे)

दिनांक: ११, सकाळी सव्वाआठ.

सोबत:
१) परत आलेले दोन अर्ज, शेऱ्यांसह.
२) मोडकं चाक, पोत्यात बांधून. दुरुस्त केलेलं नाही. साहेबांनी स्वतः तारा दाबून बघाव्यात. रिमची कड फाटली आहे, हात जपावा.