शेहेचाळीस वर्षांची बाई

बों अक्योय, ५ ऑगस्ट १९८४
रोझ हिलच्या हॉलमध्ये भजनाचा कार्यक्रम. आम्ही मंडळाच्या वीसजणी, वॅनमध्ये निम्म्याच मावणार. सत्यदेव मास्तर म्हणाले, यंदा वयाने मोठ्या निम्म्या, बाकीच्या पुढच्या वर्षी.
मला हौस नाही. हे दरसाल ढोलकी वाजवायचे तो हॉल एकदा बघायचा, एवढंच. हे जाऊन दोन वर्षं झाली.

६ ऑगस्ट
वय सांगायला कुणी तयार नाही. मास्तरांनी दहा-दहा वर्षांचे गट लिहून कागद फिरवला. चाळीस ते पन्नासच्या खान्यात पाचजणी. त्यात मी ठीक. पण शेजारची कुंती? तिचे केस बघा.

८ ऑगस्ट, दुपार
मीडियन, म्हणजे मधोमधचं वय, निघाला शेहेचाळीस. त्याच्या वरच्यांनी आपापल्या मनाला विचारून वॅनमध्ये बसायचं. मी सत्तेचाळीस, म्हणजे माझी जागा पक्की. पण शेहेचाळीसच का?

९ ऑगस्ट
चंद्रिकाचं शाळेचं पुस्तक घेऊन बसले. लेक हसली. रीत सोपी आहे. विसाच्या निम्म्या दहा. चाळिशीखालच्या सात. आणखी तीन हव्यात, त्या आमच्या पाचांतून. पाचांतल्या तीन, तर दहा वर्षांतली सहा. चाळीस अधिक सहा.
बरोबर आलं. इतकं बरोबर येतं तिथेच लबाडी असते.

१२ ऑगस्ट
कोण कुठल्या सिक्लोनच्या, मोठ्या वादळाच्या साली जन्मली, ते सगळ्यांच्या सासवांना विचारलं. शेहेचाळीस वर्षांची बाई मंडळात एकही नाही. मास्तर म्हणतात, खरी वयं नाहीत, म्हणून पाचजणी सारख्या अंतरावर उभ्या आहेत असं धरलं. तेलाच्या रांगेत तरी बायका अशा उभ्या राहतात का?

१५ ऑगस्ट
बैठकीत जन्माचे दाखले मागितले. मास्तर जवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, राहू द्या. अंदाजात तुम्ही बसताय."
मला गप्प करायला बघतात. सोडणार नाही.

१९ ऑगस्ट
दाखले आले. सगळ्या खरं बोलल्या होत्या. पन्नाशीवरच्या आठ. कुंती एकोणपन्नास. देवकी अठ्ठेचाळीस. मग मी.
वरून मोजलं तर मी अकरावी. निम्म्या म्हणजे दहा.
पुन्हा मोजायला लावलं. दोनदा.

२६ ऑगस्ट, रविवार
वॅन गेली. कुंती म्हणाली, "ये गं, सरकून बसतो." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. आणखी एकदा म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाली नाही.
सरकून केलेल्या जागेवर पुऱ्यांची टोपली ठेवली. टोपलीचा दाखला कुणी मागितला नाही.