उजवीकडची शेवटची सीट

१२ फेब्रुवारी

पोलिसांची सुरुंगरोधक गाडी परत आली. ट्रेलरवर, ताडपत्रीखाली. कळमेश्वरच्या आमच्या कारखान्यातून नवी कोरी गेली होती, तीच. गडचिरोलीकडच्या जंगलात सुरुंगावर गेली. पुढचं एक चाक नाही, एक्सल वाकलेला. पण पोट फाटलं नाही. तळ नावेसारखा निमुळता असतो, स्फोट दोन्ही बाजूंना फेकला जावा म्हणून — तसाच फेकला गेला. कुणाचे हात मोडले, कुणाच्या बरगड्या. एक सोडून सगळे वाचले.

१३ फेब्रुवारी

त्याचं नाव धम्मानंद. सावनेरकडचा. उजवीकडची शेवटची सीट त्याची. गाडी उडाली तेव्हा डोकं छतावर आपटलं, मान मोडली.

सीट शाबूत आहे. मीच आखलेली — गाडीच्या तळाला न ठोकता भिंतीला टांगलेली, म्हणजे खालचा दणका कण्यात जात नाही. पट्टा मोकळा लोंबत होता.

आमचे विभागप्रमुख श्रीधर सर म्हणाले, "जवानानं पट्टा लावला नव्हता. अहवालात एवढंच लिही, मयुरा. गाडीचा दोष नाही."

खरंच आहे ते. तरी जेवण गेलं नाही.

१७ फेब्रुवारी

गेटवरून फोन. धम्मानंदचे वडील आलेत, सोबत सून. सर म्हणाले, भेटू नकोस. मी गेले.

देवराव खाणीतून निवृत्त झालेले. "जय भीम" म्हणाले आणि उभेच राहिले. सून रोशनी — माझ्याहून बरीच लहान. तिला गाडी पाहायची होती. आत वाकून म्हणाली, "कुठं बसले होते?" मी दाखवलं. तिनं सीटवर तळहात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

देवराव बाहेरच थांबले. मला म्हणाले, "बाई, सगळे सांगून राहिले, त्यानं पट्टा नाई लावला. मी जल्मभर खाणीत उतरलो, डोक्यावर टोपी नाई असं कधी झालं नाई. त्यानं लहानपणापासून मले पाह्यलं. तो काहून नाई लावन पट्टा?"

मी चहा सांगितला. तो त्यांनी घेतला नाही.

१९ फेब्रुवारी

वाचलेल्यांपैकी एक जण नागपुरात दवाखान्यात आहे. भेटून आले. मी विचारलं, धम्मानंदनं पट्टा का लावला नव्हता? तो म्हणाला, "मॅडम, जॅकेटवरून लागतच नाही तो. आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं."

२० फेब्रुवारी

स्टोअरमधून जवानांचं बुलेटप्रूफ जॅकेट मागवलं. काडतुसांचे कप्पे भरले, अंगात घातलं, नव्या गाडीत जाऊन बसले. पट्टा ओढला. वीतभर कमी. पोट आत घेतलं, श्वास सोडला, पुन्हा ओढला. नाही. मी तर बारीक आहे.

स्फोटाच्या चाचणीत सीटवर बसवलेल्या पुतळ्याला आम्ही साधा गणवेश घातला होता. जॅकेट घाला असं चाचणीच्या अटींत कुठे लिहिलेलंच नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणाला सुचलंही नाही. मलाही नाही.

संध्याकाळी देवरावांना फोन केला. "तुमच्या मुलाची चूक नव्हती. पट्टा आखूड होता." ते म्हणाले, "लेकी, हे लिहून देजो."

मी हो म्हणाले.

२४ फेब्रुवारी

सरांशी वाद. अहवालातलं 'पट्टा आखूड होता' हे माझं वाक्य त्यांनी लाल शाईनं खोडलं. "तू म्हणतेस ते मला पटतं," सर म्हणाले. "पण पुढच्या गाड्या तयार उभ्या आहेत. हे वाक्य वर गेलं की सगळं थांबेल, आणि तिकडे पोरं उघड्या जीपमधून फिरतील. ते चालेल तुला?"

ते नाही चालणार. तेही खरं होतं.

२७ फेब्रुवारी

सही केली. अहवालात — "जवानाने पट्टा लावलेला नव्हता." पट्टा लांब करण्याची सूचना वेगळ्या कागदावर, 'पुढील सुधारणा' म्हणून. सरांनी शब्द दिलाय.

नागपूरजवळ बेसाला घरी आले. देवरावांचे दोन मिस कॉल. उचलायचं धाडस झालं नाही.

३ एप्रिल

सुधारणेचं विचारलं. "प्रक्रियेत आहे."

१८ जून

पुन्हा विचारलं. तेच. गाड्या गेल्या, जुन्याच पट्ट्यांसकट. आता मीही रोज विचारत नाही. देवरावांचे फोन बंद झालेत.

९ नोव्हेंबर, पुढचं वर्ष

दुपारी अनोळखी नंबर. रोशनी. तिला अनुकंपेवर पोलिसात घेतलं, प्रशिक्षण संपलं, नेमणूक गडचिरोलीकडचीच. "सासऱ्याईनं लय आडवलं. मी नाई आयकलं." मग हळूच म्हणाली, "ताई, सोमवारपासून तुमच्याच गाडीत बसावं लागते. आता पुरते ना वं पट्टा?"

"नाही," मी म्हणाले. "पुरत नाही, रोशनी. आणि पुरतो असं कुणी सांगितलं तरी ऐकू नकोस. त्यांनी पट्टा लावला नव्हता, या अहवालावर सही माझी आहे."

तिनं फोन ठेवला नाही.