काचेला आत्याचं बोट कळेना

६ जानेवारी
कडाक्याची थंडी. ऑफिसातून आलो तर आत्या मोबाइल मांडीवर घेऊन बसलेली. सांगलीहून तिच्या मैत्रिणीचा, कुसुमताईंचा रोजचा फोन वाजत होता आणि हिला तो उचलता येत नव्हता. हिरवं बटण सरकवतेय, सरकतच नाही. मी घेतला, पहिल्या झटक्यात लागला. परत तिच्या हातात दिला की ढिम्म. काच पुसली, बंद करून चालू केला. मला चालतो, माझ्या बायकोला, माधवीला चालतो, आत्याला नाही. दुकानात दाखवायला हवा.
हॉस्पिटलचा विषय काढायचा होता. राहिला.

८ जानेवारी
आत्याला घेऊनच दुकानात गेलो. दुकानदाराने काचेवरची जुनी काच काढून नवी बसवली, सेटिंगमध्ये कायकाय केलं. त्याच्या हातात लोण्यासारखा चालला. आत्याने बोट लावलं, काही नाही. तो हसत म्हणाला, "अम्मा, ई मोबाइल आपको पहचान ही नहीं रहा है।" गंमत केली बिचाऱ्याने. आत्या हसली नाही. दारात चपला काढताना एवढंच म्हणाली, "मला कळलं होतं. आज त्याच्या तोंडून आलं."

९ जानेवारी
आज आत्याने माधवीला सगळं सांगितलं म्हणे. काच जिवंत हाताला ओळखते, आपल्याला ओळखेनाशी झाली, म्हणजे वरून बोलावणं आलं. तिचे यजमान गेल्यावर ती काशीवासाला आमच्याकडे आली ती हेच मनात धरून, की इथून परत जायचं नाही. त्यामुळे ती घाबरलेली वगैरे अजिबात नाही. उलट खूश आहे. आणि आता छातीत बॅटरी बसवायची नाही.
माझं डोकं सटकलं. कार्तिकात ब्रह्माघाटाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडली, मग स्वयंपाकघरात पडली. डॉ. स्पष्ट म्हणाले, हृदय फार मंद चाललंय, छातीत पेसमेकर बसवा, नाहीतर कधीही... २९ तारीख दिलीय. आणि ही मोबाइलकडून मुहूर्त काढतेय!
म्हटलं, "अगं, बिघडलाय तो."
"मग तुझ्या हातात का चालतो?"


१४ जानेवारी, संक्रांत
इकडच्यांची खिचडी, आपला तिळगूळ. वड्या आत्यानेच केल्या. आणि दानही सुरू. लोकरीची शाल दूधवालीला, गरम पाण्याची पिशवी शेजारच्या मिश्राइनला. आता फक्त लाख वातींचा संकल्प उरलाय. महाशिवरात्रीपर्यंत वळून झाल्या की मोकळी, असं म्हणाली.
मा. म्हणते, तू बस तिच्याजवळ वाती वळायला, बोलती तरी होईल. म्हणजे लवकर आटपायला मी हातभार लावू? चिडलो. मा. रडली.

१८ जानेवारी, रविवार
बसलो शेवटी. कापसाचा पेळू घ्यायचा, चिमटीला वाटीतली राख लावायची म्हणजे कापूस निसटत नाही, मग तळहातावर वळायचं. राख गोवरीचीच आहे ना, हे आधी विचारून घेतलं. या गावात विचारलेलं बरं. आत्या खो खो हसली. माझ्या वाती गांडुळासारख्या.
बराच वेळ झाला आणि साहेबांचा फोन आला. सरकवतो, काही नाही. पुन्हा. पुन्हा. वाजून वाजून बंद पडला. खरंच सांगतो, त्या क्षणी आत्याचं सगळं मला पटलं होतं. आत्या माझ्याकडे बघत होती, तिचा चेहरा पांढराफटक. स्वतःसाठी नव्हती घाबरली, माझ्यासाठी घाबरली.
मोरीवर जाऊन हात धुतले. पुसले. मोबाइल चालू.
राख! मी ओरडलोच.
पण आत्याचे हात धुऊनही चालेना. तिची बोटं उजेडात धरून पाहिली. किती वर्षं वाती वळतेय कोण जाणे, बोटांवरच्या रेषा गेल्यात. कोरडी, गुळगुळीत, त्यात ही थंडी. मा.ने कोमट पाण्यात हात बुडवून ठेवले, साय चोळली, पुसली. आत्या बोट लावायला तयार नव्हती. लावलं. उघडला.
कुकरची शिट्टी झाली तेव्हा तिघं भानावर आलो.

१९ जानेवारी
ऑफिसात वाचून काढलं. काचेत बारीकशी वीज खेळत असते. ओलसर बोट टेकलं की तिच्यातली किंचित बोटात उतरते, तेवढ्यावरून काचेला कळतं कुठे हात लागला. आपलं अंग वीज घेतं! दिवसभर मी साहेबाकडे, चहावाल्याकडे, फायलींवरच्या स्वतःच्या हाताकडे खुळ्यासारखा बघत होतो.
आत्याला सांगायला उतावीळ झालो होतो. बघ, काच म्हणतेय तू जिवंत आहेस, चल हॉस्पिटलात. तयार वाक्य. पण घरी आल्यावर सहज काकडी टेकवून पाहिली. काकडीनेही चालला.
मा. म्हणाली, हे सांगू नकोस. मीही ठरवलं, नाही सांगायचं.

२० जानेवारी
सांगितलं. फसवून नेलं असतं तर तिच्या डोळ्याला डोळा देता आला नसता. काकडी हातात घेऊन आत्या हसत सुटली, खोकला येईपर्यंत. मग म्हणाली, "म्हणजे बोलावणंही नाही आणि थांब असंही नाही. माझं मीच बघायचं."
दिवसभर वातींना हात लावला नाही तिने.

२४ जानेवारी
डॉ.ना एक विचारायचंय म्हणाली, म्हणून नेलं. मला वाटलं, दुखेल का वगैरे. तिने विचारलं, "मरते वक़्त वो बैटरी मुझे छोड़ेगी ना?"
डॉ. हसले नाहीत, याबद्दल त्यांचे उपकार. खुर्ची पुढे ओढून समजावलं. हृदयात एक जागा आहे, तिथे प्रत्येक ठोक्याला आपोआप वीज उठते. आईच्या पोटात असल्यापासून. यांची ती जागा थकलीय, बॅटरी फक्त आठवण करून देईल. वेळ आली की हृदयच ऐकणार नाही, मग बॅटरी काही करू शकत नाही, अडवणार नाही.
आत्याने छातीवर हात ठेवला. "आपोआप? कोई जलाता नहीं?"
"नहीं माताजी. अपने आप."
येताना नाव केली. मणिकर्णिकेसमोरून जाताना चिता जळत होत्या. लहानपणापासून बघतोय, जेवताना धूर खिडकीत येतो, काही वाटत नाही. आज वाटलं. तिथे ठेवलेल्या प्रत्येकाच्या आत ती ठिणगी इतकी वर्षं कुणी न लावता उठत होती. आत्ता माझ्यात उठतेय. नावाड्याच्यात. शेजारी बसलेल्या आत्याच्यात, अडखळत. तोंड पलीकडच्या काठाला, रामनगरच्या बाजूला केलं. आत्याने हात जोडलेले. कशाला, ते विचारलं नाही.

२७ जानेवारी
आत्या हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. मा.ने बॅग भरून ठेवलीय. आत्याने ती पाहिली, बाजूला सारून केर काढला.

२८ जानेवारी
दुपारी ऑफिसात फोन. स्क्रीनवर आत्याचं नाव. मा. बाजारात गेलेली, म्हणजे हिने एकटीने लावला. घाबरत उचलला.
"उद्या किती वाजता निघायचं म्हणालास?"
म्हटलं, सातला.
तिचा श्वास ऐकू येत होता.
"बरं. मी हो म्हटलेलं नाही अजून. नुसती वेळ विचारली."