राक्षसिणीच्या मुखवट्याची गाठ

संगमनेर,
वैशाख

प्रिय अक्का,

गेलेल्या माणसाला पिंड द्यायचा असतो, पत्र लिहायचं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. पिंड मार्गशीर्षात रीतसर दिला. तरी आज लिहितो आहे, कारण मी लिहिल्याशिवाय सकीना जेवणार नाही. शेजारच्या पिंजाऱ्याची ही तुझी सात वर्षांची चेली माझ्यासमोर पडवीत बसली आहे, तोंडावर तुझ्या राक्षसिणीचा मुखवटा बांधून. माझी लेखणी खरंच चालते की मी नुसता दौत ढवळतो, त्यावर तिचं लक्ष आहे.

हा मुखवटा तुला आठवतो ना? लढाईमुळे गावात कागद मिळेना, तेव्हा तू माझ्या शाळेतल्या उत्तरपत्रिका भिजत घातल्यास. मी ओरडलो तर म्हणालीस, "नापास पोरांच्याच घेतल्यात रे." मेथीचं पीठ घालून तू त्या उखळात कुटल्यास, आणि तुझ्याकडे शिकायला येणाऱ्या गल्लीतल्या पोरांनी तो लगदा मातीच्या साच्यांवर थापला. या राक्षसिणीच्या कानामागे अजून माझा तांबडा शेरा दिसतो. शेरा योग्यच आहे.

तुझं सासर अकोल्याकडच्या डोंगरात. तिथे बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे घालून सोंगं नाचवतात. विधवा होऊन माझ्याकडे आलीस, ती ही विद्या घेऊनच. सोबत एक नियमही आणलास. ज्यानं सोंग बांधलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्यानं सोडलं तर आतलं माणूस परत येत नाही. मी हसायचो. "हस. तुझ्या शास्त्रात नाही म्हणून खोटं का?" असं विचारायचीस. पोरांनी मात्र ते वेदवाक्य मानलं. तुझे विद्यार्थी माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा आज्ञाधारक, हे तुझ्या हयातीत मी कबूल केलं नसतं.

तू गेल्यापासून सगळे मुखवटे माळ्यावर पालथे पडून होते. आज सकाळी प्रवरेवरून स्नान करून आलो, तर ही सकीना तुझ्या पाटाशेजारी सोंग बांधून बसलेली. माळ्याची शिडी होती तिथेच, परसात. ती मलाही एकट्याने उचलवत नाही.

तिची आई, जैतूनभाभी, दुपारपर्यंत विनवून थकली. "शास्त्रीबुवा, सकाळधरनं पोटात काय न्हाई हिच्या. सोडाय गेले तर चावली बघा मला."

मी सकीनाला विचारलं, "कुणी बांधलं हे?"

"अक्कांनी."

"अक्का आता नाहीत, बाळ."

"ठावं हाय मला," ती शांतपणे म्हणाली. "बांधून गेल्या."

"बरं, मी सोडतो."

"तुमी कुठं बांधलंय? त्यास्नी इचारा."

"कसं विचारू?"

"लिवा की. तुमी तर लई लिवता."

मग मी तिच्या मागे जाऊन गाठ पाहिली. अक्का, ती डावरी गाठ होती. डावी नाडी वरून, शेपूट आत खोचलेलं. डाव्या हाताबद्दल आईनं तुला किती मारलं, पण गाठ बदलली नाहीस. अख्ख्या गल्लीत अशी गाठ कुणी मारत नाही, आणि एवढ्याशा पोरीला स्वतःच्या डोक्यामागे तर मुळीच जमणार नाही. कार्य दिसलं की त्याचा कर्ता मानावा लागतो, हे मी वर्गात नेहमी ठासून सांगतो. आज मात्र मी दौत पुढे ओढली.

शिवाय नाडी आवळताना तिचे केस अडकवलेस ना? तुझी ही सवय काही गेली नाही.

असो. आता विचारतो. अक्का, मी ही गाठ सोडू का?

*

पत्र तिथे थांबवलं होतं. आता दिवेलागण झाली आहे, पुढचं लिहितो.

तो शेवटचा प्रश्न तेवढा मी मोठ्यानं वाचला. सकीनानं मान वळवली, पण माझ्याकडे नाही. ती तुझ्या रिकाम्या पाटाकडे पाहत राहिली. भाभीनं पदर तोंडाला लावला. मग मुखवट्यातून आवाज आला, "सोडा म्हनत्यात. केस वडू नका म्हनत्यात."

केसांचं मी लिहिलं होतं, वाचलं नव्हतं. आणि तिला अक्षर येत नाही.

गाठ माझ्या उजव्या हाताला दाद देईना. डाव्यानं सुटली.

मुखवटा आतून चिंब होता. इतके महिने वाळलेला लगदा नाकापाशी फुगून उकलला होता. पोरगी सकाळपासून आत रडत होती, आणि बाहेर आम्हाला सुळे तेवढे दिसत होते. तू गेलीस त्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी पोरांना दारातूनच परत पाठवलं होतं. पुढे कुणी त्यांची विचारपूसही केली नाही. तुझं सुतक आम्ही रीतसर पाळलं. या पोरीला कुणी घटकाभराचंही सुतक दिलं नाही. ते तूच येऊन दिलंस का?

भाकरी खाता खाताच ती झोपली. भाभी तिला उचलून घेऊन गेली.

अक्का, उद्या मी पोरांना बोलावतो. नापास उत्तरपत्रिकांचा तुटवडा नाही. सोंगं मी बांधीन आणि मीच सोडीन, नाड्याही सैल ठेवीन. रडायचं असेल त्यानं उघड्या तोंडानं रडावं, असंही सांगीन. तू मात्र आता बांधायला येऊ नकोस. दर वेळी मला तुझी परवानगी मिळेलच असं नाही.

आणि गाठ कुणी बांधली, हे मी सकीनाला पुन्हा कधी विचारणार नाही. जन्मभर पोरांना प्रश्न घालत आलो; पण या प्रश्नाचं उत्तर ती पुन्हा तेच देईल, आणि ते चूक आहे असा शेरा माझ्या हातून उमटायचा नाही.

तुझा धाकटा,
वासू