खिडकीतला बोळा

पुणे,
१९ जानेवारी २०२५

प्रिय धम्मशीला वहिनी,
सप्रेम जयभीम.

तू बरी असशील. आईनं देलेले डिंकाचे लाडू संपले, डबा घासून ठेवला आहे. तुही छकुली आता हुंकार देत असंल. दादाले सांग, तो सोडाले आला तवा नांदुऱ्याच्या स्टेशनवर मी नीट बोलली नाही, पण रागावली नव्हती.

सकाळी फोन लावला होता. मांगून छकुलीचा आवाज आला अन् मी "काही नाही, सहजच" म्हणून ठेवून देला. म्हणून व्हॉट्सॲपवर एवढं लांबलचक लिहून राह्यली. हासू नको वं.

बाळंतिणीच्या खोलीत तू इचारलं होतं, "ताई, पुण्याले नेमकं काय शिकून राह्यली तू?" तवा मी उडवून लावलं. आता सांगते. टीबीचा जंतू आपल्या अंगातल्या राखणदार पेशीच्या पोटात शिरतो. अशी बिघडलेली पेशी खरं तं स्वतःच मरून जाते, आतल्या जंतूले संगं घेऊन. बाकीचं अंग वाचते. पण हा जंतू लय चालू. तो तिले मरूच देत नाही, अन् आत बसून वाढतो. हे त्याले कसं जमते, तेच मी शिकते.

त्या खोलीत बाळाले वारा लागू नये म्हणून आईनं खिडकीत लुगड्याचा बोळा कोंबला होता. अन् त्या कोंडलेल्या हवेत मी छकुलीले मांडीवर घेऊन दिवसभर बसलेली. खोकत. आई म्हणे, "काऊन वं मंजू, तुहा खोकला जाऊन नाही राह्यला?" मी वसकली, "तू डॉक्टर आहेस काय?" बारशाले आत्या म्हणून छकुलीच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं, तवाही मधात खोकलीच.

वहिनी, मले टीबी आहे. काल रिपोर्ट आला.

अन् खरी गोष्ट अजून बाकीच आहे. मले तवाच शंका आली होती. संध्याकाळी अंग तापायचं. गावोगावी "खोकला लपवू नका" म्हणून भाषणं देणारी मी, स्वतःची थुंकी तपासाले लाजली. लोक हासतील, आई छकुलीले माह्या हाती देणार नाही, एवढाच इचार केला. पेशीले तं जंतू अडवतो वं. मले बाळापासून बाजूले व्हाले कोणी अडवलं होतं?

माहं औषध सुरू झालं. पण तू आजच छकुलीले खामगावले लहान पोरांच्या डॉक्टरकडे ने. हसतीखेळती दिसली तरी ने. आत्याले टीबी आहे, ती बाळाजवळ बसत होती, असं स्पष्ट सांग. वेळेवर औषध भेटलं तं पोरगी वाचते, हे मी शिकलेल्या गोष्टीवरून सांगते. तू, दादा अन् आई, तुमीबी तपासून घ्या.

आईले मीच सांगीन, आता फोन ठेवणार नाही. मले शिव्या देजो. छकुलीले पुन्हा माह्या हाती नको देऊ, चालंल. पण हे वाचून झालं की पहिले उठ, अन् त्या खिडकीतला बोळा काढ.

छकुलीची आत्या असं लिहायची हिंमत होत नाही, म्हणून नुसतीच,
मंजुश्री