इथेनॉलवरचं अर्धं भाषण

कोथरूड, पुणे
१२ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
आनंदीचे शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून सांगावी अशी ही गोष्ट नाही, म्हणून पत्र. रविवारी नातीला, स्वरालीला, घेऊन गाडीने पोहायच्या क्लासला निघाले होते. पौड रस्त्याच्या सिग्नलला पेट्रोलचा उग्र वास आला आणि शेजारचा रिक्षावाला, खाली उतरा म्हणून ओरडला. बॉनेटखाली पेट्रोलची नळी चिरली होती. तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल ठिबकत होतं! आम्ही सुखरूप आहोत, पण पोर अजून कुठल्याही गाडीत बसायला तयार नाही.

जूनमध्येच तर सर्व्हिसिंग झालं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे गाडी तूच नेलीस. अठरा वर्षं ही गाडी बघणाऱ्या वैजनाथला नळी दिसू नये? त्याच्या गॅरेजवर जाऊन त्याला चांगलं सुनावलं, तर नुसता मान खाली घालून उभा. सोसायटीच्या ग्रुपवरही लिहिलं. अकरा घरांनी त्याच्याकडे गाड्या देणं बंद केलं आहे. जूनमध्ये आमच्या हॉलमध्ये केलेल्या तुझ्या भाषणातलं ते वाक्य, गाड्या जुन्या नसतात, मेकॅनिक जुने असतात, पार्किंगमध्ये पुन्हा निघालं. सगळे हसले.

तब्येतीला जप. वहिनींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
आनंदी

*

कात्रज, पुणे
१६ ऑगस्ट २०२५

चि. आनंदीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. नळी वैजनाथला दिसली होती. फुगलेली, मऊ पडलेली नळी त्याने मला बोट लावून दाखवली. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या गाडीचं रबर त्यात टिकत नाही, आजच बदलू, असं तो दोनदा म्हणाला. मी नको म्हटलं आणि तुला काही सांगितलं नाही.

कारण लिहायची लाज वाटते. आदल्याच आठवड्यात तुमच्या हॉलमध्ये, डिस्टिलरीतली माझी तीस वर्षं पुढे करून मी भाषण ठोकलं होतं. इथेनॉलने धूर कमी होतो, बाहेरचं तेल कमी लागतं, उसाला गिऱ्हाईक मिळतं. हे खरं आहे, आजही म्हणेन. पण ॲव्हरेज घटतं, गाडी उभी राहिली तर पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, जुनं रबर खराब होतं, हेही तितकंच खरं. कुणीतरी नेमकं तेच विचारलं, तेव्हा मी मेकॅनिकवर ते वाक्य फेकून टाळ्या घेतल्या. लगेच माझ्याच बहिणीच्या गाडीच्या नळ्या बदलल्या असत्या, तर काय तोंड दाखवलं असतं?

याहून वाईट म्हणजे, माझ्या गाडीच्या नळ्या मी गेल्या वर्षीच वैजनाथकडून गुपचूप बदलून घेतल्या आहेत. मी माझा जीव सांभाळला आणि तुम्हा दोघींना तसंच जाऊ दिलं. मला क्षमा कर. हे पत्र मात्र तुझ्यापाशीच ठेव, एवढी विनंती.

तुझ्या मायेला न शोभलेला,
श्रीधर

*

कोथरूड, पुणे
१९ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
नमस्कार.

पत्र माझ्यापाशी ठेवलं नाही. वैजनाथला वाचून दाखवलं. तो इतके दिवस गप्प का, असं विचारलं, तर आपल्या बोलण्यावरून बहीणभावात वितुष्ट नको म्हणून, असं म्हणाला. मग स्वराली आता बरी आहे ना, एवढं विचारून पुन्हा कामाला लागला. मला मान वर करवेना. न विचारता, न ऐकता मी त्याचं नाव घालवलं.

ग्रुपवर माफी लिहिली आहे. पण लोकांचा माझ्यापेक्षा तुझ्यावर विश्वास, सर म्हणाले म्हणजे झालंच! तेव्हा गणपती बसायच्या आधीच्या रविवारी हॉल घेतला आहे. येऊन भाषणाचा उरलेला अर्धा भाग सांग. टाळ्यांची खात्री देत नाही.

रागावले आहे, तरी तुझीच,
आनंदी

*

कात्रज, पुणे
२६ ऑगस्ट २०२५

चि. आनंदीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी बोललो ते तू ऐकलंसच. आठ घरं वैजनाथकडे परत गेल्याचं तुझ्या सोसायटीच्या अध्यक्षांनी कळवलं. तीन अजून नाहीत. ती माझ्यामुळे गेली, हे मला विसरता येत नाही.

काल गॅरेजवर गेलो. वैजनाथने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, माझी माफी शांतपणे ऐकून घेतली. मला जरा हलकं वाटलं. मग तुझ्याकडून आणलेली किल्ली पुढे केली आणि उद्या गाडी टो करून आणतो, सगळ्या नळ्या बदल, म्हटलं. त्याने किल्लीला हात लावला नाही. काम मनापासून करून देईन, पण किल्ली ताईंच्याच हातून घेईन, म्हणाला. गाडीत जे बसतात त्यांनाच काय ते सांगायचं, असं त्याने आता ठरवलं आहे. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

किल्ली या पाकिटात घातली आहे. तूच जा.

लोभ ठेव, असं लिहायला पेन धजत नाही. तू ठेवशील तेवढा पुरे.

तुझा,
श्रीधर